बाईसाहेब जेवत नाहीत

बाईसाहेबांचं वय सव्वादोन वर्षं. दात सोळा. बोलण्यात शब्द एकच, "नको". पण तो एक शब्द त्या इतक्या तऱ्हांनी वापरायच्या की दुसऱ्या शब्दाची गरजच पडू नये. हळू आवाजातला नको म्हणजे विचार करते. नाकातून आलेला नको म्हणजे विचार करून झाला. आणि मान खाली घालून, ओठांतल्या ओठांत म्हटलेला नको म्हणजे आता ब्रह्मदेव खाली उतरला तरी काही होणार नाही.

"बाईसाहेब" हे नाव बाबाने ठेवलेलं. संस्थेतल्या मोठ्या आयाने पहिल्या दिवशी तिला त्याच्या हातात दिलं, तेव्हा ती रडली नाही की हसली नाही. मान मागे घेऊन तिने त्याच्याकडे बघितलं. भाड्याची खोली बघायला आलेलं माणूस छताकडे बघतं ना, ओल कुठे आहे, गळतं कुठे, तसं.

"झाली बाईसाहेबांची पाहणी," बाबा म्हणाला.

"पसंत पडलास का?" आईने विचारलं.

"कळवते म्हणाल्या."

आई आणि बाबा दोघेही नवे कोरे. मूलही नवं आणि देशही. तिला दत्तक घ्यायचं तर तिथला कायदा असा, की आधी सहा आठवडे तिच्या देशात, भाड्याच्या घरात तिच्याबरोबर राहून दाखवा. दर शुक्रवारी संस्थेकडून एक बाई येणार, वजन करणार, चार प्रश्न विचारणार, फाइलमध्ये लिहिणार. सहा शुक्रवार नीट पार पडले तर कोर्ट कागद देणार आणि मग तिघांनी घरी जायचं. दोघांनी वर्षभर शिकवणी लावून तिथली भाषा शिकून घेतली होती. बाजारहाटाला आणि भांडणाला पुरेल इतकी येत होती.

आई शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कटिंगला. कापडाला टेप लावायच्या आधी तिच्या डोळ्याने माप घेतलेलं असायचं. बाबा बस डेपोत. गाडी चालवणारा नाही, गाड्यांची वेळापत्रकं लावणारा. तीनशे चाळीस गाड्या रोज कुठून किती वाजता सुटतात, कुठे किती मिनिटं थांबतात, हे त्याच्या डोक्यात. लग्नात भटजींना "अजून किती मिनिटं" असं विचारणारा हाच.

तेव्हा संस्थेच्या ऑफिसातून "मुलांचा दिनक्रम" असा टाइप केलेला कागद हातात पडला, तसं बाबाला परक्या देशात आपलं माणूस भेटल्यासारखं झालं. सहाला उठणे. सव्वासहाला पॉट. सातला दूध. नऊला फिरणे. बाराला जेवण, वीस मिनिटे. एकला झोप. अशा चौदा ओळी. संध्याकाळपर्यंत त्याने चार रंगांत तक्ता करून स्वयंपाकघराच्या भिंतीवर चिकटवला.

"हिला कुठल्या रंगाची बस द्यायची ठरलंय?" आई म्हणाली.

"हस. मुलांना नियम लागतो."

"किती मुलांचा अनुभव आहे तुला?"

"तीनशे चाळीस बसचा आहे. त्याही ऐकत नाहीत सुरुवातीला."

बाईसाहेबांचा दिवस साडेपाचला सुरू व्हायचा आणि त्याचा कुणाला पत्ता लागायचा नाही. पहिल्या सकाळी हे दोघे सातपर्यंत झोपले. उठून बघतात तर ती पलंगाच्या कठड्याला धरून उभी, लंगोट भिजून पायावर ओघळ वाळलेला, आवाज नाही. दीड तास उभी असावी. दुसऱ्या दिवसापासून आईने अंथरूण कठड्याशेजारी जमिनीवर घातलं. डोळे उघडले की दोन छोटी पावलं दिसायची, कठड्याच्या गजांमधून.

मग पॉट. बसायची लगेच, पण उठायची नाही. काम होऊन गेलं तरी बसून. "झालं का?" नको. "उठू या?" नको. चाळीस मिनिटं. उठवलं की बुडावर लालभडक वर्तुळ. बाबाने वहीत नोंद केली, पोट साफ होत नसावं.

फिरायला जाताना हात धरू द्यायची नाही. आईच्या बॅगेचा लोंबता पट्टा धरायची आणि मुकाट चालायची. फुटपाथवर एक न्हावी, एक चपला दुरुस्त करणारा, एक फळांची गाडी. तिघंही ओळखीचे झाले चार दिवसांत. न्हावी रोज विचारायचा, "आज हात दिला का?" आई मान हलवायची. तो म्हणायचा, "पट्टा तर तुमचाच आहे ना? मग झालं."

इथवर सगळं निभावण्यासारखं. पण बारा वाजले की घरात युद्धाचा भोंगा.

बाबाने उंच खुर्ची भाड्याने आणलेली. मऊ भात, त्यात कुस्करलेली भाजी, वाटी, चमचा. बाईसाहेब पहिल्या घासाला "आ" करायच्या, पाखराचं पिल्लू करतं तसा. घास घ्यायच्या, चावायच्या, गिळायच्या. आणि खुर्चीच्या पट्ट्यातून साबणाच्या वडीसारख्या निसटून खाली. तडक समोरच्या भिंतीशी. भिंतीला पाठ लावून, पाय लांब सोडून बसायच्या. उचलून खुर्चीत बसवलं की अंगाचं लाकूड. चमचा घेऊन मागे गेलं की ओठ शिवलेले.

"बारा वीस," बाबा घड्याळ बघून म्हणायचा. "वाटी उचल."

"अरे, दोन मिनिटं थांब की."

"कागदावर वीस मिनिटं आहे."

"कागद बसलाय का जेवायला?"

"आज सूट दिली तर उद्या एक वाजेल. पुढची सगळी गाडी कोलमडते."

आई वाटी उचलायची. संध्याकाळी पुन्हा तेच. एक घास, भिंत, वीस मिनिटं, वाटी आत. दूध प्यायची म्हणून टिकून होती.

फाइलवाल्या बाई दुसऱ्या शुक्रवारी आल्या. पन्नाशीच्या, बारीक, पायांत रबरी बूट, एका काखेत फाइल, दुसऱ्या काखेत चपटा वजनकाटा. बाईसाहेब काट्यावर उभ्या राहिल्या, सवयीच्या असल्यासारख्या.

"आली तेव्हा दहा किलो चारशे," बाई म्हणाल्या. "गेल्या शुक्रवारी दहा तीनशे. आज दहा शंभर."

"डॉक्टर म्हणाले तब्येत उत्तम आहे," बाबा म्हणाला.

"डॉक्टर माझ्या फॉर्मवर सही करत नाहीत." बाईंनी पेनाचं टोपण लावलं. "दहाच्या खाली काटा गेला तर मूल संस्थेत परत. नियम आहे. तिथे वजन भरून येईल, मग तुमचा अर्ज पुन्हा विचारात."

"पुन्हा म्हणजे कधी?" आईने विचारलं.

"रांगेत शेवटी."

"किती दिवस?"

"दिवसांत नका मोजू. वर्षं म्हणा." दारापाशी थांबून बाई जरा नरमल्या. "हे बघा, तिथे ती जेवत होती. इथे जेवत नाही. मी एवढंच बघते. बाकी तुम्ही माणसं वाईट नाही वाटत मला."

दार लागलं. आईने बाईसाहेबांचा पायजमा बदलायला घेतला. दोन आठवड्यांपूर्वी तिने स्वतः शिवलेला. कमरेत दोन बोटं ढिला झाला होता. तिने नाडीला गाठ मारली आणि गाठ मारताना ओठ असे आवळले की बाबा तक्त्याशेजारून आपसूक बाजूला झाला.

सोमवारी बाराला घरून आजींचा फोन आला. बाबाची आई. रोज व्हिडिओवर यायच्या, नातीला बघायला आणि सुनेला सुचवायला.

"आई, मी भरवतेय. तुम्हाला इथे ठेवते," म्हणत आईने फोन खाली, भिंतीसमोर बुटाला टेकवून उभा केला. बाईसाहेब एक घास घेऊन नुकत्याच भिंतीशी येऊन बसल्या होत्या. त्या आणि आजी समोरासमोर.

"घे गं राणी, खा गं. अगं, तू भात फार घट्ट करतेस का?"

"नाही, आई."

"माझा हा तर लहानपणी सतरंजीचे दोरे खायचा. त्याची मुलगी भात खात नाही म्हणजे काय." मग आजी गप्प झाल्या. त्यांचं गप्प होणं हीच बातमी असल्यामुळे दोघांनीही फोनकडे बघितलं. "ही कुणाकडे बघतेय गं?"

"तुमच्याकडेच."

"छे. डोळे बघ तिचे. टेनिसची मॅच चालल्यासारखे फिरताहेत."

आई पालथी पडून फोनशेजारी झोपली, हनुवटी फरशीला टेकवून. तिथून दिसलं. पोरीचे डोळे डावीकडून उजवीकडे जात होते. एका जागी थांबत, पुढे सरकत, पुन्हा थांबत. थांबले की तिचे ओठ जरासे उघडत आणि मिटत. समोर काही नव्हतं. फरशी होती. डोळे उजव्या टोकाला पोचले, पुन्हा डाव्या टोकाला गेले, सरकत सरकत स्वतःपाशी आले आणि बाईसाहेबांनी मोठा "आ" केला. क्षणभर. मग तोंड मिटलं आणि डोळे पुन्हा निघाले.

"घड्याळ लाव," आई म्हणाली.

"कशाला?"

"लाव म्हणते ना."

बाबाने लावलं. पुढचा "आ" तीन मिनिटं दहा सेकंदांनी. त्यापुढचा तीन पाच. त्यापुढचा पुन्हा तीन दहा. बाबाने घड्याळ खाली ठेवलं.

"ही फेरी आहे," तो म्हणाला. "गोल फेरीची गाडी. पोरगी थांब्यावर उभी आहे, गाडी यायची वाट बघतेय. आणि मी..."

"तू गाडी डेपोत लावतोयस. दोन आठवडे."

"वाटी आण आधी."

"तुझे बारा वीस झाले."

"आण म्हटलं ना."

आईने वाटी आणायच्या आधी फोन उचलला, आजींना "थांबा हं" म्हणून बाजूला ठेवलं आणि बाबाच्या फोनवरून थेट मोठ्या आयाला लावला.

"आम्ही कसं भरवतो?" आया म्हणाली. मागे भांड्यांचा आवाज. "एक वाटी, एक चमचा, दहा पोरं भिंतीला लावायची. या टोकाकडून त्या टोकाला जायचं, पुन्हा पहिल्यापासून. एकाला दोन घास दिले तर नऊ बोंबलतात. नंबराशिवाय कुणी तोंड उघडत नाही माझ्याकडे."

"पॉटवर पण असंच?"

"दहाही झाली की दहाही उठतात. दोरी धरून फिरायला जातात. का हो?"

"कागदावर हे काही लिहिलं नाही तुम्ही."

"कागद ऑफिसात लिहितात, बाई. भरवते मी." मग ती म्हणाली, "तुमची सातवी. पहिल्या नंबरावर बसवू नका, बावरते."

भिंतीशी रांग लागली. पहिल्या नंबराला बाबा. दुसरी उशी, तिसरी बादली, चौथी सुटकेस, पाचवी छत्री, सहावा आईचा कोट, हँगरसकट. सातव्या बाईसाहेब. नवव्याला पाण्याचा कॅन आणि दहावी केरसुणी, डोकं वर करून. आठवी जागा मोकळी राहिली.

"आई, तुम्ही आठव्या," म्हणत आईने फोन तिथे ठेवला.

"मी काय करायचं?"

"चमचा आला की तोंड उघडायचं."

"माझं जेवण झालंय गं आत्ताच."

"आई, उघडा म्हणते ना तोंड."

बाईसाहेबांनी रांगेची पाहणी केली. उठून सुटकेस आणि छत्री यांची अदलाबदल केली. कारण विचारायची कुणाची हिंमत झाली नाही. मग आपल्या जागी बसल्या, पाय लांब केले आणि बाबाकडे बघितलं. आईने त्याला पहिला घास दिला. उशीला चमचा लावला, बादलीला लावला. सातव्या नंबराला "आ" तयार होता. पुढे आजींनी फोनमध्ये असा "आ" केला की त्यांची कवळी हलली.

तेरा घास. एक तास दोन मिनिटं लागली. बाबानेही तेरा घास खाल्ले, बिनमिठाचे. त्या संध्याकाळी त्याने तक्ता भिंतीवरून सोडवला, उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर दहा नंबरांची रांग काढली. सुटकेस आणि छत्री नव्या क्रमाने.

तिसऱ्या शुक्रवारी फाइलवाल्या बाई नेमक्या सव्वाबाराला आल्या. दार उघडंच होतं. चौथी फेरी चालू होती. बाबा मांडी घालून तोंड उघडून बसलेला, आजी फोनमध्ये, आई गुडघ्यांवर चमचा घेऊन बादलीसमोर.

बाई दारातूनच म्हणाल्या, "मी नंतर येऊ का?"

"या ना," आई म्हणाली. "जेवण चाललंय."

"कुणाचं?"

आईने सगळं सांगितलं. आया, रांग, फेरी, सातवा नंबर. बाईंनी ऐकलं, आणि काट्याला सपाट फरशी लागते म्हणून बादली पायाने बाजूला सारून तिथे काटा ठेवला. बाईसाहेब चढल्या.

"दहा दोनशे," बाई म्हणाल्या. मग वाटीकडे बघून, "पोटात आत्ता गेलंय ते पन्नास ग्रॅम वजा. तरी वाढलंय." त्यांनी आकडा लिहिला. बाबाने सोडलेला श्वास फोनमधल्या आजींनाही ऐकू गेला. "आता वर्तन. मूल खुर्चीत बसून जेवतं का?"

"नाही," आई म्हणाली.

"संस्थेच्या सवयी मोडल्या का?"

"नाही."

बाईंचं पेन थांबलं. "दोन्ही 'नाही' लिहिलं तर कोर्ट विचारणार. मूल घरात दिलं आणि यांनी घराचीच संस्था केली. परत पाठवायची शिफारस या रकान्यावरूनही होते, ठाऊक आहे ना?" त्यांनी आवाज उतरवला. "तुम्ही फक्त म्हणा, सोमवारपासून खुर्ची. मी 'होय' लिहिते. संपलं."

"म्हण," बाबा आपल्या भाषेत पुटपुटला. "नुसतं म्हणायचंय."

आईने त्याच्याकडे बघितलं, मग पायजम्याच्या नाडीकडे, जिची गाठ अजून तशीच होती.

"नाही म्हणणार," ती बाईंना म्हणाली. "मी हो म्हटलं तर पुढच्या शुक्रवारी तुम्ही खुर्ची बघायला याल, आणि ही उपाशी राहील. हिच्याकडे स्वतःचं असं काय आहे? कपडे संस्थेचे होते, ते तुम्ही परत घेतलेत. खेळणं नव्हतंच. एक नंबर आहे, सातवा. तोही मोडायचा?"

"कधी तरी मोडावा लागेलच."

"ती मोडेल. तिला वाटेल तेव्हा. कंटाळली की छत्रीला काढेल, मग सुटकेसला. मी काढणार नाही. लिहा तुम्ही 'नाही'. पण खाली कारण लिहा."

"फॉर्ममध्ये कारणाला जागा नाही."

"मग मागे लिहा. कोरा आहे कागद मागे."

"बाई, मी एकोणीस वर्षं हे काम करतेय..."

"आणि एकोणीस वर्षांत कुणी आयाला विचारलं नाही, ती भरवते कशी."

हे जरा लागलं. बाई उठल्या, सरळ जाऊन बाईसाहेबांना काखेत हात घालून उचललं आणि खुर्चीकडे निघाल्या. "बघू तर खरं." अंगाचं लाकूड झालं. मान खाली गेली. ओठांतल्या ओठांत आलं, "नको."

आईने दोन ढांगांत जाऊन पोरीला काढून घेतलं आणि सातव्या जागी आणून ठेवलं. "उचलायचं तर तिला विचारायचं," ती म्हणाली. "हेही लिहा हवं तर."

बाबा उठून उभा राहिला होता. आता बाई फाइल मिटून निघणार, असं त्याला वाटलं, आणि त्यांच्या हातातल्या फाइलीवरून त्याची नजर हटेना. पण मग तोही पुन्हा आपल्या जागी, पहिल्या नंबराला जाऊन बसला, मांडी घालून, आणि बाईंना म्हणाला, "तिचं बरोबर आहे. दोन्ही 'नाही' लिहा. आणि आठवड्याला एकदा कशाला, रोज या. रोज हेच दिसेल."

आईने चमचा भरला, उशीला लावला आणि थांबली. तिसऱ्या जागी बादली नव्हती, काटा होता. तिने काट्याला चमचा लावून पुढे जायचा प्रयत्न केला. बाईसाहेबांच्या कपाळाला आठी. ओठ मिटलेले.

"फेरी अडकलीय," बाबा म्हणाला.

"बादली ठेवा मग," बाई म्हणाल्या.

बाबाने काटा उचलून बादली ठेवली. बाईसाहेब उठल्या, बादली ढकलून दिली, फाइलवाल्या बाईंच्या रबरी बुटापाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि वर बघू लागल्या.

"काय म्हणतेय?"

"तिसरी जागा तुमची म्हणतेय," फोनमधून आजी म्हणाल्या. बाईंना भाषा कळली नाही, पण मतलब कळला असावा. "बसा की. मी पण बसलेय."

बाई बसल्या. गुडघा कट्कन वाजला. फाइल मांडीवर घेतली. समोर चमचा आला, त्यांनी बराच वेळ तोंड मिटून ठेवलं, आणि सात नंबरावरून दोन डोळे त्यांच्याकडे लागून राहिले. शेवटी बाईंनी "आ" केला. चमचा छत्रीकडे गेला, मग सुटकेसकडे, आणि कोटावरून पुढे सातव्याला. घास गेला.

दोन फेऱ्या बाई नंबर आला की "आ" करत राहिल्या. तिसऱ्या फेरीत त्यांनी फॉर्म उलटा केला. "आया काय म्हणाली, तिच्याच शब्दांत सांगा," म्हणाल्या, आणि सहा ओळी लिहिल्या. खाली आडवी रेघ. 'परत पाठवण्याची शिफारस नाही.' कागद सहीसाठी आईपुढे धरला.

आईने चमचा बाबाकडे दिला आणि शेवटपर्यंत वाचलं. सावकाश, बोट ठेवून. एका ओळीवर बोट थांबलं.

"इथे 'मूल हट्टी आहे' लिहिलंय."

"आहेच. मी डोळ्यांनी बघितलं."

"ती नंबरासाठी थांबली होती. थांबणाऱ्या माणसाला हट्टी म्हणतात का तुमच्याकडे?"

"आता एका शब्दावरून..."

"खोडा. नाही तर सही नाही करणार."

"सही नसेल तर कागद पुढे जात नाही, कळतंय ना?"

"कळतंय."

बाईंनी तिच्याकडे बघितलं, बाबाकडे बघितलं. तो भाताचा चमचा हातात धरून मान डोलावत होता. बाईंनी टोपण काढलं, 'मूल' या शब्दावर रेघ मारली आणि वर बारीक अक्षरात 'पालक' लिहिलं.

"हे चालेल?"

"हे खरं आहे," आई म्हणाली आणि ठसठशीत सही केली.